कंपनीतली सावर

जानेवारीच्या शेवटी कंपनीत पाहुणे आले आणि बागेत काय बघण्यासारखं आहे असं त्यांनी विचारलं, की मी त्यांना बिनपानांची झाडं दाखवायला नेते. हिरवळीकडे, पामच्या रांगेकडे बोटसुद्धा करत नाही. ती कुठेही मिळतात. पाहुणे आधी गोंधळतात, मग त्यातला एखादा हळूच म्हणतो, "मॅडम, ही वाळलीत ना?" हा प्रश्न ऐकला की मला बरं वाटतं. त्याचं उत्तर देणं हेच माझं काम आहे आणि ते मला चांगलं येतं.

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात, महाळुंग्याच्या हद्दीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी आमची कंपनी आहे. तिथला बगीचा, कुंपणाकडेची झाडं, मागचं मोकळं रान असं सगळं माझ्याकडे असतं. ओळखपत्रावर हॉर्टिकल्चर सुपरवायझर असं लिहिलेलं आहे. सासरच्या गावात मात्र मला झाडवाली म्हणतात, आणि मला तेच जास्त आवडतं.

माझं माहेर निगडीचं. वडील भोसरीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचे. बारावीनंतर मी वनस्पतिशास्त्र घेतलं तेव्हा शेजारपाजारचे विचारायचे, त्यात पुढे काय? वडिलांनी कधी विचारलं नाही. ते म्हणाले, "तुला आवडतंय ना, मग नीट शिक." मी नीट शिकले.

आमच्या कॉलेजात एक बाई होत्या. बाकीचे प्राध्यापक पावसाळ्यात सहल काढायचे, सगळं हिरवंगार असताना. या बाई आम्हाला ऐन थंडीच्या अखेरीला घोरवडेश्वराच्या डोंगरावर न्यायच्या. गवत पिवळं पडलेलं, झाडांवर पान नाही. त्या काठी टेकत पुढे चालायच्या आणि एखाद्या उघड्याबोडक्या झाडापाशी थांबून विचारायच्या, "हे कोण?" कोणी बोललं नाही तर त्या म्हणायच्या, "पानाफुलांवरून कोणीही ओळखेल. अंगावरून ओळखा."

मग आम्ही अंग बघायला शिकलो. चाफ्याच्या जाड बोथट फांदीवर पान गळून गेल्याची अर्धचंद्रासारखी खूण राहते. पांगाऱ्याच्या फांदीवर बारीक काळे काटे असतात. पळस कधी सरळ वाढत नाही, आणि त्याच्या सालीला इजा झाली की लाल डिंक येतो. बहाव्याला ओळखायला तर काही कष्टच नाहीत, वर्षभराच्या काळ्या लांब शेंगा अंगावर घेऊनच तो उभा असतो. आणि सावर, म्हणजे काटेसावर, ती फांद्यांच्या ठेवणीवरून लांबूनच कळते. सरळसोट खोड, आणि त्यातून एका पातळीवर चहूकडे आडव्या निघालेल्या फांद्या. थोडं वर गेलं की तशाच पुन्हा. जणू मजले चढवलेत. लहानपणी तिच्या खोडावर रुंद बुडाचे जाड काटे असतात, म्हातारपणी ते झडून जातात.

बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मी आजही माझ्या माणसांना सांगते. थंड मुलखातली झाडं गारठ्यामुळे पानं टाकतात, आपल्याकडची टाकतात ती पाण्यामुळे. पानातून पाणी उडून जातं. जमिनीत ओल कमी व्हायला लागली की झाड देठाच्या बुडाशी एक पातळ पडदा तयार करतं, पानातलं उपयोगाचं सगळं आत ओढून घेतं आणि पान सोडून देतं. पान गळतं असं आपण म्हणतो. खरं म्हणजे झाड ते हिशोबानं उतरवून ठेवतं. मग उघड्या फांद्यांवर फूल येतं, ते पाखरांना लांबून दिसतं, मध्ये एक पानही आड येत नाही.

लग्न होऊन मी महाळुंग्यात आले. नवरा दुसऱ्या एका कंपनीत शिफ्टवर. सासरची पुष्कळ जमीन औद्योगिक क्षेत्रात गेलेली, थोडी राहिलेली. सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, मिळालेल्या पैशांतून खोल्या बांधल्या, धाकट्या दिरानं टेम्पो घेतले. घर खाऊनपिऊन सुखी. मी नोकरी शोधत होते तेव्हा या कंपनीत जागा निघाली, आणि मुलाखतीहून परत आल्यावर मी कुठे गेले होते ते सांगितलं, तर मामंजी म्हणाले, "म्हंजी आपल्या थोरल्या रानात गेल्तीस की."

कंपनी आमच्याच जमिनीवर उभी होती. मामंजींना त्याचा राग नव्हता. पण इतक्या वर्षांत ते कधी आत गेले नव्हते. "आपल्याच रानात पास काढून कशाला जायचं," एवढंच ते म्हणायचे.

मी कामाला लागले. माझ्याबरोबर चार बायका होत्या, कंत्राटावरच्या. त्यांतली थोरली लातूरकडची. तिला सगळे मावशी म्हणायचे, मीही म्हणते. अंगानं किरकोळ, पण कुदळ हातात घेतली की माती तिचं ऐकायची. या बायकांनी आणि मी मिळून पहिल्या दोन पावसाळ्यांत कुंपणाच्या कडेनं बहावा, पांगारा, ताम्हण लावले. मागच्या कोपऱ्यात मात्र आम्ही हात लावला नव्हता. तिथं एक पळस होता, घाणेरीची जाळी होती, आणि एक तरुण सावर होती. दोन मजल्यांएवढी उंच, खोड कवेत जेमतेम मावेल असं, अंगावर अजून काटे. मामंजी सांगायचे की त्यांच्या बांधावर मोठी सावर होती, ती सपाटीकरणात गेली. ही तिच्याच बीची असेल की नाही ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. सावरीचं बी कापसात बसून वाऱ्यावर कुठूनही येतं. पण घरात सगळ्यांनी ते मनाशी धरून टाकलं होतं.

तिसऱ्या वर्षी डिसेंबरमध्ये नवीन शेडचं काम निघालं. जागा ठरली ती नेमकी मागचा कोपरा. एके दिवशी सकाळी मावशी मला बोलवायला आल्या. मी गेले तर सावरीच्या खोडावर चुन्याची फुली मारलेली. बांधकामाचा सुपरवायझर हातात टेप घेऊन उभा होता.

"हे काय?" मी विचारलं.

"काढायचंय मॅडम. वाळलेलंच आहे. जेसीबी लावला की पाच मिनिटांचं काम."

"वाळलेलं कोणी सांगितलं?"

तो वर बघून हसला. "एक पान दाखवा."

त्याला एक पान दाखवणं शक्य नव्हतं. शेवटची पिवळी पानं आठवड्यापूर्वी गळली होती. मी थेट प्लांट हेडकडे गेले. ते नागपूरकडचे, शांत माणूस, पण वेळेच्या बाबतीत कडक. मी म्हणाले, "सर, एकदा माझ्याबरोबर मागे या. मग काय ते ठरवा."

ते आले. मी खिशातली छोटी सुरी काढली आणि खोडावर, दोन काट्यांच्या मधे, नखाएवढी साल खरवडली. वरची करडी साल निघाली आणि खाली ओला, पोपटी हिरवा थर दिसला. सरांनी वाकून बघितलं, बोट लावलं. बोटाला ओल लागली.

"म्हणजे जिवंत आहे," ते म्हणाले.

"जिवंत आहे, झोपलेली आहे. पानं नाहीत म्हणून ती मेली असं नाही सर. तिनं दार लावून घेतलंय. खोडात पाणी आहे, खायला आहे, येत्या महिन्यात कळ्या धरायची तयारी चाललेली आहे."

"ठीक. पण मॅडम, शेड इथेच होणार आहे. त्यात बदल नाही."

हे मला अपेक्षित होतं. मी म्हणाले, "मग तिला हलवू या. आणि हलवायचीच असेल तर आत्ताच. पानं असताना झाड उपटलं तर मुळं पाणी देऊ शकत नाहीत आणि पानं मागत राहतात, त्यात ते मरतं. आत्ता ती काहीच मागत नाहीये. हा सुपरवायझर ज्या बोडकेपणामुळे तिला मेलेली म्हणतोय, त्याच्यामुळेच ती वाचू शकते."

सुपरवायझर टेप गुंडाळत राहिला. सरांनी पळसाकडे बोट केलं. "आणि तो?"

"तो हलणार नाही. पळसाचं सोटमूळ फार खोल जातं, तुटलं की संपलं. पण तो तुमच्या शेडच्या अगदी कडेला आहे. भिंत हातभर आत घेतलीत तर त्याला हलवायची गरजच नाही."

सर म्हणाले, "भिंतीचं मी आर्किटेक्टशी बोलतो. सावरीसाठी तुम्हाला पाया खोदेपर्यंत वेळ. परवानगी मी काढून घेतो. पण एकदाच. जगली नाही तर पुढच्या वेळी मी तुमचं ऐकणार नाही."

मी कबूल केलं. झाड हलवण्याबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं, एकदा दुसऱ्या ठिकाणी उभं राहून बघितलंही होतं. स्वतः कधी केलं नव्हतं.

त्या संध्याकाळी जेवताना मी घरात सांगितलं. नवरा म्हणाला, "करच तू." सासूबाईंनी ताटात भाकरी वाढता वाढता विचारलं, "आणि न्हाई जगली तर?" मामंजींनी घास खाली ठेवला.

"पोरी, एवढं झाड कुणी हलवतं व्हय? माणूस म्हातारपणी घर बदलतं तर खचतं. हे तर झाड."

"ते म्हातारं नाही मामंजी. तरुण आहे."

"आमी तर कदी बगितलं न्हाई असलं."

"मग या वेळी बघा. मला एक सांगा, गेटच्या आतल्या बाजूला आपलं काय होतं? तिथं लावायचं म्हणतेय. पण तिथं कुदळ मारली की मुरूम लागतो."

त्यांनी ताटाशेजारी फरशीवर बोटानं रेघ काढली. "गेट हितं. हितनं आत आलं की डाव्या अंगाला इहीर होती. ती बुजवली. तिच्या वरल्या बाजूला पाट यायचा, तिथं गाळ बसून बसून माती झाली होती, पुरुषभर खोल. तिथं कांदा असा यायचा की इच्यारू नको. मुरूम बिरूम काय लागायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी त्या अंदाजानं जागा धरली. गेटमधून आत आल्यावर डावीकडे, सायकल स्टँड ओलांडून. वरचा भराव काढल्यावर काळी माती लागली, आणि मावशी कंबरेपर्यंत खाली गेल्या तरी ती संपली नाही.

आता मागच्या कोपऱ्यात काम सुरू झालं. सावरीभोवती आम्ही गोल चर खणायला घेतला. एकदम खणायचं नाही, आधी अर्धा भाग, मग थोडे दिवस थांबून उरलेला. म्हणजे तुटलेल्या मुळांना टोकाशी बारीक मुळं फुटायला वेळ मिळतो. जाड मुळं करवतीनं कापायची, कुऱ्हाडीनं ठेचायची नाहीत. सावरीचं लाकूड मऊ, ते ठेचलं की कुजतं. मी पहिल्या मुळावर करवत चालवून दाखवली. दुसरं मावशींनी कापलं आणि नंतर मला करवत परत मिळाली नाही.

"तुमी बगा मॅडम, आमी करतावं," त्या म्हणाल्या.

चारही बायका त्या चरात उतरायच्या. काट्यांनी हात फाटू नयेत म्हणून खोडाला जुनी गोणपाटं गुंडाळली. मुळांचा गड्डा ओल्या गोणपाटात बांधून वर सुतळीनं आवळला, एखाद्या बाळाला कुंचीत बांधतात तसा. वरच्या काही फांद्या मी कमी केल्या आणि कापलेल्या जागी शेणमातीचा लेप दिला. त्या वर्षीच्या कळ्या त्या फांद्यांबरोबर गेल्या. ते करताना मला वाईट वाटलं, पण फुलं आणि मुळं असं दोन्ही त्या वर्षी मागता येणार नव्हतं.

खोडाच्या दक्षिणेकडच्या बाजूला मी चुन्याचं बोट ओढलं. बांधकामाच्या सुपरवायझरनं विचारलं, हे कशाला. मी सांगितलं की या बाजूच्या सालीला वर्षानुवर्षं उन्हाची सवय आहे, दुसऱ्या बाजूला नाही. नव्या जागी तोंड फिरलं तर कोवळी साल भाजेल. तो म्हणाला, "झाडाला तोंड असतं हे मला माहीत नव्हतं." पण पुढे उचलायच्या दिवशी तोच सगळ्यांना ओरडून सांगत होता, चुना दक्षिणेला, चुना दक्षिणेला.

त्या दिवशी हायड्रा क्रेन सकाळीच आली. चालवणारा उत्तरेकडचा तरुण होता. त्यानं आजवर मशिनं उचलली होती, झाड नाही. तो बेल्ट सरळ खोडाला अडकवायला गेला तेव्हा मी थांबवलं. खोडाला धरून उचललं असतं तर गड्ड्याच्या वजनानं साल सोलवटली असती. बेल्ट गड्ड्याखालून घ्यायचे, खोडाला फक्त आधार. त्यानं मान डोलावली, खाली उतरला, चरात वाकून बेल्ट स्वतः नीट बसवले आणि मला म्हणाला, "भाभी, बच्चे की तरह ले जाऊंगा."

सावर जमिनीतून सुटली तेव्हा खालून एक आवाज आला, जाड कापड फाटावं तसा. एक मूळ राहून गेलं होतं. मावशी कोणी काही म्हणायच्या आत करवत घेऊन चरात उतरल्या. मी त्यांना ओरडले, गड्डा अधांतरी होता, खाली जायची ती वेळ नव्हती. क्रेनवाल्यानं झटकन गड्डा परत टेकवला. मावशींनी मूळ कापलं, वर आल्या, पदरानं तोंड पुसलं. मी नंतर त्यांना रागावले आणि त्यांनी ते ऐकून घेतलं.

मागच्या कोपऱ्यापासून गेटपर्यंतचा रस्ता एरवी चालत दोन मिनिटांचा. त्या दिवशी संपता संपेना. क्रेन गोगलगायीसारखी पुढे, बायका दोन्ही बाजूंनी दोर धरून, मी पुढे उलटी चालत. त्यातच पहिली शिफ्ट सुटली. माणसं बसकडे जायची थांबली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली. कोणी मोबाइल काढले. एक जण म्हणाला, "राव, झाडाची मिरवणूक." पण हसलं कोणी नाही. वळणावर एक फांदी केबलच्या ट्रेला लागायला आली, तर पेंट शॉपमधले दोघं पुढे झाले आणि त्यांनी बांबूनं फांदी अलगद वर धरली. मी त्यांना ओळखतही नव्हते.

खड्ड्यात झाड उतरलं, चुना दक्षिणेला आला, माती भरली, पाणी सोडलं. चहूकडून बांबूचा आधार दिला. सर कधी येऊन उभे राहिले ते मला कळलं नव्हतं. ते म्हणाले, "आता?"

"आता वाट बघायची."

वाट बघणं हेच सगळ्यात अवघड निघालं. फेब्रुवारीत तळेगाव रस्त्याच्या कडेच्या सावरी फुलल्या. जाड, मांसल, लाल पाकळ्यांची पेल्यासारखी फुलं, आत पुंकेसरांचे झुपके, त्यावर साळुंक्या आणि कावळे मध प्यायला भांडतायत. मी रोज स्कूटीवरून ते बघत यायचे आणि गेटमधून आत आलं की आमची सावर, बांबूंच्या मधोमध, एक कळी नाही. मार्चमध्ये लोक विचारायला लागले. सिक्युरिटीवाले, कँटीनवाले, "मॅडम, काही होप?" एप्रिल लागला. कडेचा बहावा पिवळा होऊ लागला. रस्त्यावरच्या सावरींना पालवी आली. आमची तशीच.

मी शेंड्याकडची एक फांदी खरवडली, ती कोरडी होती. त्याखालची खरवडली, तीही कोरडी. मग खोडापाशी आले आणि छातीच्या उंचीवर खरवडलं. हिरवं. वरचं वाळलेलं सगळं मी त्याच दिवशी कापून टाकलं. त्यामुळे ती आणखी बोडकी दिसायला लागली आणि सुपरवायझर जाता येता मान हलवू लागला. घरी मामंजी रोज विचारायचे, "काय म्हणती?" मी सांगायचे, "हिरवी आहे आतून." ते म्हणायचे, "मग थांब."

एके सकाळी मी ऑफिसात असताना मावशींचा फोन आला. आवाजावरून काहीच कळेना. "मॅडम, या बरं जरा सावरीपाशी."

मी धावतच गेले. मावशी खोडाला हात लावून उभ्या होत्या. कापलेल्या फांदीच्या खाली, सालीतून, तांबूस रंगाचं काहीतरी बाहेर आलं होतं. करंगळीच्या नखाएवढं. नीट बघितलं तर मिटलेल्या मुठीसारखी पालवी, पाच बोटं एकमेकांना चिकटलेली. सावरीचं पान तसंच असतं, एका देठावर पाच-सात पर्णिका, हाताच्या पंजासारख्या पसरलेल्या. त्याच्या वर आणखी एक. पलीकडच्या बाजूला तीन.

वळवाचा थेंबही पडला नव्हता. ऊन नुसतं जाळत होतं. अशा उन्हात, जमीन कोरडीठाक असताना, ही झाडं खोडात साठवलेल्या पाण्यावर पालवी काढतात, आणि पावसाच्या आधी पान तयार ठेवतात. हे मी कितीदा वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला ते खरं वाटलं. मी मावशींकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "आपलं काम चोख झालं," आणि झारी उचलून निघून गेल्या.

त्यानंतर काही दिवसांनी एका दुपारी गेटवरून मला फोन आला. "मॅडम, तुमच्याकडे एक आजोबा आलेत. पास बनवायचा का?"

मी गेले. पांढरा सदरा, टोपी, पायात कोऱ्या चपला. मामंजी सिक्युरिटीच्या खिडकीशी उभे होते. फोन गेटवरच्या जुन्या माणसानं केला होता, खिडकीत बसलेला पोरगा मात्र कोणी नवीन होता. तो त्यांना विचारत होता, "बाबा, कोणाला भेटायचंय? नाव सांगा, डिपार्टमेंट सांगा."

मामंजी त्याला शांतपणे म्हणाले, "झाडांच्या साहेबाला भेटायचंय. माझी सून हाय ती."

मी तिथेच थबकले. त्यांना मी दिसले नव्हते. त्या खिडकीसमोर ते ताठ उभे होते, आणि तो पोरगा पास लिहीत होता. मी पुढे होऊन नमस्कार केला तेव्हा त्यांनी पास सदऱ्याच्या खिशाला लावून घेतला, नीट सरळ केला, आणि आत आले.

सावरीला तोवर चांगली पालवी धरली होती. मामंजी तिच्याभोवती एक चक्कर मारून आले. मग वाकून माती उचलली, चुरून बघितली. "हीच माती," ते म्हणाले. "म्या सांगितलेली." मग वर बघत राहिले. मला वाटलं जुन्या रानाबद्दल काही बोलतील. ते म्हणाले, "मी म्हणलो व्हतो हलवता यायची न्हाई. तू हलवलीस. मी गावात सांगनार हाय." आणि त्यांनी ते सांगितलं. पुढे कितीतरी दिवस पारावरची माणसं मला अडवून विचारायची, सावर हलवली ती तूच का.

सर मधे आले तेव्हा मी मामंजींची ओळख करून दिली. या जागेवर यांची शेती होती, असं सांगितलं. सरांनी त्यांना कँटीनमध्ये नेलं, चहा पाजला आणि विहीर नेमकी कुठे होती ते विचारून घेतलं, कारण नव्या शेडच्या पाणी निचऱ्याचा प्रश्न होता. मामंजींनी टेबलावर बोटानं पुन्हा सगळं रान काढून दाखवलं. घरी आल्यावर त्यांनी सासूबाईंना सांगितलं की साहेब माणूस चांगला हाय, पण च्या पातळ हाय.

पुढच्या वर्षी सावरीनं फूल दिलं नाही. मी कोणाला आशा लावली नव्हती. त्याच्या पुढच्या वर्षी, माघात, दोन मजल्यांवरच्या फांद्यांना गोल, हिरवट काळसर कळ्या दिसल्या, बोरांएवढ्या. मी कोणाला सांगितलं नाही. एका सोमवारी मी आले तर सायकल स्टँडवर गर्दी. पहिली फुलं उमलली होती आणि काही खाली पडली होती. सावरीचं फूल अख्खं पडतं, धप्प आवाज करून. पहिल्या शिफ्टची माणसं ती उचलून हेल्मेटमध्ये ठेवत होती. पेंट शॉपमधल्या एकानं मला बघितलं आणि बाकीच्यांना म्हणाला, "ह्या मॅडमनी आणलीय ती इथं. मी बांबू धरला होता." आणि मग तो बांबू कसा धरला ते सांगू लागला. मी त्याला सांगू दिलं.

त्याच पेंट शॉपची नंतर माझ्याकडे तक्रारही आली. एप्रिलमध्ये बोंडं फुटली की रेशमासारखा कापूस उडतो, तो ओल्या रंगावर बसला तर पार्ट रिजेक्ट होतो. मी बोंडं फुटायच्या आत उतरवून घ्यायची पद्धत घातली. शिडीवर मावशी चढतात, खाली बाकीच्या पोतं धरतात. तक्रार मिटली.

आता आसपासच्या कंपन्यांतून बोलावणं येतं. रस्ता रुंद होतोय, गोदाम होतंय, अमुक झाड वाचेल का बघा. मी आणि मावशी बघायला जातो. मावशी आता कंत्राटावर नाहीत, माझ्याबरोबर पगारी आहेत, आणि त्यांची स्वतःची टोळी आहे. काही ठिकाणी मी स्पष्ट नाही म्हणते. एका ठिकाणी आम्ही पांगारा हलवला, तो लगेच लागला, कारण पांगारा नुसती फांदी रोवली तरी फुटतो. एका ठिकाणी मोहाचं झाड गेलं. मालकाला मी आधीच सांगितलं होतं की निम्मी खात्री आहे. ते गेलं तेव्हा मी स्वतः जाऊन सांगितलं, आणि मुळं कुठे कमी पडली तेही सांगितलं. त्यांनी पुढच्या झाडासाठी पुन्हा आम्हालाच बोलावलं.

काल भोसरीत एका वर्कशॉपच्या आवारात गेलो होतो. जुनी भिंत पाडून नवी बांधायचीय आणि तिला लागून एक बहावा आहे. मालक म्हणाला, "मॅडम, पानं तर गेलीत सगळी, ठेवून उपयोग काय?" मी खिशात हात घातला, पण सुरी काढायच्या आधीच मावशींनी नखानं साल खरवडली होती. त्यांनी त्याला हिरवं दाखवलं आणि चर कुठून घ्यायचा ते पावलानं जमिनीवर आखायला लागल्या.